वत्सलाच्या अंगणातले सिमेंट

आमच्या भाऊबंदांत कोणतीही गोष्ट एकदा घडून संपत नाही. ती लग्नात सांगितली जाते, बारशात सांगितली जाते, दहाव्याला घाटावर न्हावी येईपर्यंतच्या वेळात सांगितली जाते, आणि दर वेळी सांगणाऱ्याच्या सोयीने थोडी निराळी घडते. वत्सलाच्या अंगणातल्या सिमेंटचे तर इतके किस्से झाले आहेत, की परवा पिंपळनेरच्या एका लग्नात तेच किस्से मला माझ्यासमोर ऐकवण्यात आले आणि त्यांत माझ्या जागी दुसरीच बाई होती. म्हणून म्हटले, आपण डोळ्यांनी पाहिले तेवढे तरी नीट लावून ठेवावे. ऐकीव भाग गाळला आहे. तरी पुष्कळ उरते.

वत्सला ही माझी धाकटी जाऊ. ती धुळ्याला राहते, आम्ही जळगावला. धाकटे दीर जाऊन काही वर्षे झाली. तिचा मुलगा प्रसाद पुण्याला कंपनीत आहे. सुटीला येतो आणि आल्यावर घरात सुधारणा सुचवतो. घरापुढे लहानशी बाग आहे. फाटकापासून पायरीपर्यंत काळ्या शहाबादी फरशीची वाट, दोन्ही बाजूंना गुलाब आणि मोगरा. ती फरशी वत्सला रोज ओल्या फडक्याने पुसते. अंगणातली फरशी फडक्याने पुसणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि स्वच्छतेच्या बाबतीत मी सहजासहजी कोणाचे कौतुक करीत नाही.

त्या बागेत तिने एक ओटा बांधायला घेतला, आणि मदतीला म्हणून आम्ही दोघे जळगावहून तिच्याकडे जाऊन राहिलो. कांतिलाल मिस्त्री आले. सिमेंट-वाळूचा माल पत्र्यावर कालवावा, ही साधी गोष्ट. पण पत्रा होता मागच्या अंगणात आणि मिस्त्री होते पुढच्या. त्यांनी माल थेट फरशीवर कालवला.

वत्सला ओरडली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "काकू, चिंता करू नका. दोन पानीमा बठ्ठं निंघी जाई."

दोन पाणी झाले. दहा झाले. काही निघाले नाही. वाटेभर पांढुरके शिंतोडे, आणि पायरीपाशी भल्या परातीएवढा एक थर, कडक, खडबडीत. वत्सलाने मिस्त्रींना बोलावून घेतले. त्यांनी त्या थरावर टाच आपटून पाहिली, नखाने खरवडून पाहिला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू समाधानाने भरला.

"पाहा काकू," ते म्हणाले, "मन्हं काम कसं पक्कं ऱ्हास!"

ओट्याला पुढे महिन्याभरात तडा गेला, ही गोष्ट निराळी.

*

आता हे सिमेंट नुसते सिमेंट का राहिले नाही, ते सांगावे लागेल.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ आणि दागिने घालून देवी चौरंगावर बसवतात, रोटांचा नैवेद्य होतो, सगळे भाऊबंद एकत्र जेवतात, आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. त्याआधी घर धुऊनपुसून लख्ख झालेले असावे लागते. आमच्यात ती तिघा भावांकडे पाळीने बसते. वत्सलाच्या मागच्या पाळीला धाकट्या दिरांना जाऊन वर्षही झाले नव्हते, म्हणून ती थोरल्या घरीच राहिली. या वर्षी पाळी पुन्हा वत्सलाची होती. ओटा त्यासाठीच, मंडळींना बसायला जागा व्हावी म्हणून.

थोरले घर म्हणजे नानांचे. नाना माझे जेठ. रावेरकडे त्यांची केळीची बाग आहे आणि भाऊबंदांत शेवटचा शब्द त्यांचा असतो. पहिला आणि मधलाही त्यांचाच असतो. ते धुळ्याला कोणाच्या साखरपुड्याला आले, फाटकात उभे राहिले आणि खाली पाहू लागले.

"हे काय व्हय?"

"सिमेंट," मी म्हणाले.

"अशा अंगणात देवी बसवता का? औंदा माह्याकडेच राहू द्या. मी कोणाले नाही म्हणत नाही. आधी अंगण, मग देवी."

खरे कारण सिमेंट नव्हते, हे फाटकात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ज्या घरात धनी नाही, जिथे बसवणारी बाई एकटी आणि कपाळ मोकळे, तिथे देवी कशी बसवायची, हा नानांचा प्रश्न होता. पण तो तोंडाने विचारायचा म्हणजे चार माणसांत बरे दिसले नसते. सिमेंट हा त्यांना सापडलेला सभ्य शब्द होता.

वत्सला गुलाबाची वाळकी पाने खुडत होती. नाना चहाला आत गेल्यावर मला म्हणाली, "ताई, सिमेंट म्हणालेत ना? मग सिमेंटच काढू. ते निघाल्यावर दुसरं काय म्हणतात ते बघू."

*

पहिला उपाय सुटीला आलेल्या प्रसादने केला. त्याने फोनवर कुठेसे वाचले होते, की साखरेच्या पाण्याने वाळलेले सिमेंट मऊ पडते. घरात साखर बेताची होती आणि गूळ भरपूर होता. प्रसादचे म्हणणे, "काकू, केमिस्ट्री सारखीच असते." त्याने पातेलेभर गुळाचे पाणी उकळले आणि जुनी गोणपाटे त्यात भिजवून डागांवर पसरली.

सिमेंट मऊ पडले की नाही, ते कळायला मार्ग उरला नाही; कारण सकाळी फरशी दिसतच नव्हती. मुंगळे होते. फाटकापासून पायरीपर्यंत.

प्रसादने पाण्याचा पाइप आणला, तोच शेजारच्या सुमनबाई कुंपणाशी आल्या. या बाई रोज पहाटे वाटीत पीठ-साखर घेऊन कॉलनीभर मुंग्यांची वारुळे शोधत हिंडतात. पुण्य मिळते म्हणून. हल्ली वारुळे मिळत नाहीत, अशी त्यांची तक्रार असते.

"थांब रे," त्या म्हणाल्या. "खात्या जिवावर पाणी सोडतोस? श्रावण तोंडावर आला आहे."

"काकू, ते सिमेंटसाठी होतं."

"कशासाठी होतं ते तुझं. खातंय कोण ते बघ."

आणि त्यांनी आपली वाटीही तिथेच रिकामी केली. दुसऱ्या दिवशी त्या येताना त्यांच्या भजनी मंडळातल्या दोघींना घेऊन आल्या. सगळ्यांजवळ वाट्या. वत्सलाच्या घरात आम्ही मागच्या दाराने ये-जा करू लागलो. पाहुण्यांना फोनवर तसे सांगावे लागे.

शेवटी गूळ संपला आणि मुंगळे आपणहून गेले. सिमेंट जिथल्या तिथे होते. सुमनबाई मात्र अजूनही प्रसाद दिसला की विचारतात, "पुन्हा कधी करणार आहेस रे?"

*

दुसरा उपाय आमच्या ह्यांचा. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि कालव्याच्या कामावर आयुष्य घालवल्यामुळे सिमेंटचा स्वभाव आपल्याला कळतो, असे ह्यांना वाटते. ह्यांनी बाजारातून बाथरूम धुण्याचे ॲसिड आणले. मी म्हणाले, "बाटलीवर काय लिहिले आहे ते आधी वाचावे." हे म्हणाले, "ते लोकांसाठी लिहिलेलं असतं."

ॲसिड पायरीपाशी ओतले. फस्सकन फेस आला, धूर निघाला, आणि हे तोंडावर रुमाल धरून विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा. निघतंय."

निघत होते खरे. शहाबादी फरशी हा चुन्याचाच दगड, हे ह्यांच्या लक्षात यायला फेस खाली बसावा लागला. थराचा वरचा पापुद्रा गेला होता; पण ॲसिड जिथे जिथे ओघळले तिथली काळी फरशीही खाल्ली जाऊन पांढरी आणि खरखरीत झाली होती. साडीला काठ असावा तसा डागाला चांगला चार बोटे रुंद काठ आला होता.

वत्सलाने त्या काठावर चार बोटे ठेवून पाहिली. मग म्हणाली, "भाऊ, डाग मोठा झाला."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मोठा नाही झाला," हे म्हणाले. "आता तो कुठे संपतो ते नीट दिसतं."

उरलेली बाटली मी स्वतः बंद करून माळ्यावर ठेवली आणि शिडी शेजारी नेऊन दिली.

*

तिसरा उपाय धोंडूआबांचा. आबा हे नानांचे चुलतभाऊ, त्यांच्याच बांधाला बांध लागून केळी पिकवणारे. जगात असे काही नाही जे केळीने बरे होत नाही, यावर त्यांची श्रद्धा. भाजले, केळीची साल. मूतखडा, केळीच्या खांबाचा रस. जावई रुसला, केळ्यांचा घड. सिमेंटचे ऐकताच ते टेम्पोत केळीचे खांब टाकून रावेरहून धुळ्याला आले.

"हे पाहा," त्यांनी खांब आडवा चिरून दाखवला. "आत कसे धागे आहेत. असा काथ्या बाजारात भेटत नाही. आणि रस असा, की लोखंड खाईन."

मग आबा स्वतः मांडी घालून बसले आणि त्या चिरलेल्या खांबाने वाटेवरचे शिंतोडे घासू लागले. वत्सलाने घासले, प्रसादने घासले, मलाही एक तुकडा देण्यात आला. फरशी ओली, काळी, चकचकीत दिसू लागली. आबा म्हणाले, "पाहिलं? तुमच्या ॲसिडले जमलं का?" आमचे हे पेपर वाचत होते; त्यांनी पान उलटले.

फरशी वाळली, तेव्हा सिमेंटचे शिंतोडे पूर्ववत वर आले, आणि जिथे जिथे केळीचा चीक लागला होता तिथे गर्द तपकिरी डाग उमटले. केळीच्या चिकाचा डाग जात नाही. हे केळीच्या मुलखातल्या पोरालाही माहीत असते. कपड्यावर पडला तर कपडा फाटेल, डाग फाटणार नाही. तिथे बसलेल्या आम्हा सगळ्यांनी तो डाग जन्मभर पाहिलेला होता. आणि सगळ्यांनी मिळून तो हौसेने फरशीला चोळला होता. आबांच्या अंगातला सदराच छातीपासून कमरेपर्यंत तसल्या डागांनी भरलेला होता. तो आमच्यासमोर दिवसभर हलत होता.

"आबा," वत्सला म्हणाली, "हा तर तुमच्या सदऱ्यावरचा."

आबांनी सदऱ्याकडे पाहिले, फरशीकडे पाहिले. "बाई," ते म्हणाले, "याले डाग नाही म्हणत. ही शेतकऱ्याची शोभा व्हय."

जाताना उरलेले खांब ते मोठ्या मनाने ठेवून गेले.

*

यानंतर मी पदर खोचला. उपाय पुष्कळ झाले होते. आता काम करायचे होते. डाग भिजवायचा, ओल्या फडक्याखाली मुरू द्यायचा, मग रंगाऱ्याची पत्ती आडवी धरून हलक्या हाताने खरवडायचे, आणि विटेच्या तुकड्याने घासायचे. त्यात काही शोध नाही. चिकाटी लागते, आणि बोलायला माणसे लागतात. वत्सलाने भाऊबंदांतल्या धुळ्यातल्या बायका बोलावल्या.

त्या दुपारी पाट घेऊन ओळीने बसायच्या. कोणी पत्ती, कोणी वीट. सुमनबाईंनी उलथने आणले, ते वाकले, तेव्हा त्यांनी वत्सलाचे घेतले. खरवडता खरवडता कानबाईच्या गाण्यांचा सराव चाले, आणि गाणे अडले की विषय नानांचा निघे.

"नानांनी स्वतःच्या घरातली फरशी कधी पुसली आहे का?"

"त्यांना फरशी आहे हे तरी ठाऊक आहे का?"

"आहे की. अक्का पुसतात तेव्हा ते पाय वर घेतात." अक्का म्हणजे नानांच्या पत्नी, आमच्या थोरल्या जाऊबाई.

एक जण म्हणाली, मोठ्या थरावर सतरंजी टाकू. दुसरी म्हणाली, तुळशीची कुंडी ठेवू. मी सांगितले, की झाकलेला डाग हा काढलेल्या डागात मोजता येणार नाही. त्यावर सुमनबाई हळूच म्हणाल्या, "हिच्या हाताखाली सून कशी नांदली असेल?" मला ऐकू आले. सून उत्तम नांदली.

नानांचा फोन रोज संध्याकाळी यायचा. "निघालं का?" एवढाच प्रश्न. पहिल्यांदा वत्सलाने सविस्तर उत्तर दिले. दुसऱ्यांदा थोडक्यात. पुढे पुढे ती फोन उचलायची आणि काही न बोलता फरशीपाशी धरायची. खर्र, खर्र, खर्र. पलीकडून नाना "हॅलो, हॅलो" करायचे. मग ती फोन ठेवायची आणि पुन्हा पत्ती घ्यायची.

वाटेवरचे शिंतोडे गेले. चिकाचे डागही घासून घासून फिके पडले. पायरीजवळचा मोठा थर मात्र अर्धाच उतरला. शनिवारी संध्याकाळी वत्सला त्याच्यापुढे बसून राहिली. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. आत रोटांचे गहू दळून आले होते, चौरंग धुऊन उभा केला होता, आणि चौरंगावर बसायची ती देवी येईल की नाही हे कोणाला माहीत नव्हते. देवीचा नारळ, नथ, दागिने, सगळे नानांच्या देव्हाऱ्यात.

"येतील तर नारळ घेऊन येतील," ती म्हणाली, "नाही तर मी रोट भाजून कॉलनीत वाटीन. आता दळलंय."

*

रविवारी सकाळी नाना आले. सोबत अक्का. आणि अक्कांच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेली पिशवी. नाना गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "पिशवी गाडीतच राहू दे. आधी अंगण पाहतो."

वाट त्यांनी पाहिली. वाकून पाहिली. काही सापडले नाही. मग पायरीपाशी आले आणि थांबले.

"हे?"

वत्सला पाटावर बसून त्या थराशी झुंजतच होती. नाना थोडा वेळ तिच्या हाताकडे पाहत राहिले. आपल्यासमोर दुसऱ्याने केलेले काम नानांना सहन होत नाही. चहा गाळणाऱ्यालासुद्धा ते गाळणे धरायला शिकवतात.

"असं नाही घासत. पत्ती आडवी धर. आधी पाणी मुरू द्या लागते."

"राहू दे वो वत्सला," गाडीपाशी उभ्या अक्का म्हणाल्या. "ऊठ तू. हे काम आता यांच्यानंही व्हायचं नाही. वय झालं यांचं."

नानांनी टोपी काढून गुलाबाच्या फांदीला अडकवली. "आण ती पत्ती," ते म्हणाले.

वत्सला उठून आत गेली. मी नानांना पाट दिला, पाण्याची बादली दिली, चष्मा दिला. ते बसले. खर्र, खर्र सुरू झाले. भाऊबंद जमू लागले, तसे चार पुरुष सभोवती उभे राहून सल्ले देऊ लागले. नानांनी त्यांना गप्प केले. कोणी पायरीकडे पाऊल टाकले की नाना पत्ती वर करीत, "इकडून पाय देऊ नका. ओलं आहे. मागच्या दारानं जा." येणाऱ्या प्रत्येक माणसाला, बाईला, पोराला त्यांनी स्वतः मागच्या दाराकडे वळवले. मागच्या दाराला लागूनच देवघर आहे.

अक्कांनी गाडीतली पिशवी काढली. पिशवी घेऊन त्याही मागच्या दाराने आत आल्या, चौरंगापुढे बसल्या, फडके सोडले आणि नारळ वत्सलासमोर धरला.

वत्सलाने हात मागे घेतले. "अक्का, तुम्ही बसवा. नाना काय म्हणतील?"

"माह्याकडे इतकी वर्षं बसवली, कोणी मले इचारलं का, तू थकली का म्हणून? घर तुह्यं, पाळी तुही. धर."

वत्सलाच्या हाताला अजून सिमेंटची भुकटी होती. तिने ते धुतले, आणि नारळ घेतला. ती नथ घालू लागली. अक्कांनी नारळ पक्का धरून ठेवला. देवघरात माणसे मावत नव्हती. सुमनबाईंनी घंटा घेतली.

मी मधेच बाहेर डोकावले. नाना घामाने भिजले होते आणि थर अर्ध्याहून कमी उरला होता.

"आरती कुठं चालू झाली वो?" त्यांनी मान न उचलता विचारले.

"जवळच," मी म्हणाले. ते खरेच होते.

"लवकर उरकतात लोक," नाना म्हणाले, आणि पत्तीची धार विटेवर लावली.

नैवेद्य झाला. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. दुपार कलली तेव्हा बाहेरचा खर्र खर्र थांबला. नानांनी फरशीवर पाणी ओतले, पंच्याने कोरडी केली आणि त्यावर तळहात फिरवला. मग कमरेवर हात ठेवून ताठ उभे राहिले आणि दारातून आत सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झालं अंगण. आता माही काही हरकत नाही. बसवा देवी."

आतून अक्का आल्या. त्यांच्या हातात तांब्या आणि टॉवेल होता.

"हात धुवा," त्या म्हणाल्या. "तुमचं पान झाकून ठेवलं आहे."

नाना त्यांच्या खांद्यावरून आत पाहू लागले. मोगऱ्याची वेणी, नथ, समई, रिकाम्या होत चाललेल्या पत्रावळी.

"मले कोणी सांगितलं का नाही?"

अक्कांनी त्यांच्या हातावर पाणी घातले.

"तुम्ही कामात होते," त्या म्हणाल्या.